सतरा कुरकुरी

माझ्या हाताला यश आहे, हे मी नाही म्हणत, आमचा अख्खा छापखाना म्हणतो. एकतीस वर्षं मी तिथली यंत्रं सांभाळतो आहे. मशीन बिघडल्यावर धावणारे पुष्कळ असतात, मला ते बिघडायच्या आधीच कळतं. चहा पिता पिता मी कान टवकारतो आणि सांगतो, "तीन नंबरच्या डाव्या बेअरिंगला तेल द्या, नाहीतर संध्याकाळी बोंबलेल." आणि संध्याकाळी ते बोंबलतंच, कारण माझं कुणी ऐकत नाही.

घरी मात्र या गुणाची कदर नाही. भाचीच्या नव्या घरी सगळे जेवायला गेलो होतो, तेव्हा मी ओट्याखाली शिरून तिचा गळका नळ बसवत होतो. त्या दिवशीच्या फोटोत सगळं खानदान आहे आणि मी म्हणून फक्त दोन पाय आहेत. बायकोने तो फोटो फ्रेम करून दारासमोर लावला आहे.

त्यामुळे या वर्षी दोन दिवस बाहेर जायचं ठरलं तेव्हा जागा तिने निवडली आणि अटही तिनेच घातली. जागा म्हणजे गावाबाहेरचं, पावणेदोनशे वर्षांचं दगडी मुक्कामघर. पूर्वी टपालाच्या घोडागाड्या तिथे थांबत, घोडे बदलत, प्रवासी वरच्या खोल्यांत झोपत. आता घोडे गेले, पण खोल्या आणि सकाळची न्याहारी चालू आहे. आणि अट अशी, की दोन दिवस पान्याला हात लावायचा नाही. मी शब्द दिला. छोटा पेचकस आणि तेलाची कुपी दाढीच्या सामानात आपोआप आली असावी.

शुक्रवारी दुपारी पोचलो. मालक दारातच उभे होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, ताठ कण्याचे, कडक इस्त्रीचा शर्ट. पंचेचाळीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्या बायकोने मिळून हे घर चालवलं होतं. ती गेल्यापासून सहा वर्षं ते एकटेच चालवत होते. किल्ली देताना ते हसत म्हणाले, "रविवारी सकाळी माझी परीक्षा आहे. मुलगी येते. पास झालो तर घर चालू. नापास झालो तर कुलूप, आणि मी तिच्याकडे सातव्या मजल्यावर. तिथे लिफ्ट आहे म्हणे. जिना चढायचं सुखसुद्धा नाही."

आम्हीही हसलो. पण किल्ली त्यांनी लगेच सोडली नाही, थोडा वेळ हातातच फिरवत राहिले. हे मला दिसलं. दिसलं आणि मी ते विसरलो, कारण तेवढ्यात मी जिन्यावर पाय ठेवला होता.

काय सांगू! पाचवी पायरी किरकिरली, बारावी कण्हली. आमच्या खोलीचं दार उघडताना एक सूर आणि मिटताना दुसरा. नळ बंद केला की भिंतीतल्या पाइपात कुणीतरी हातोडी मारायचं. बायको खिडकीच्या रुंद कट्ट्यावर बसून बाहेरची झाडं बघत होती, "किती शांत आहे नाही!" म्हणत होती. मी मनात कुरकुरी मोजत होतो. शनिवारी सकाळपर्यंत सतरा झाल्या.

त्या सकाळची न्याहारी मात्र मी जन्मात विसरणार नाही. आमच्याखेरीज घरात एकच पाहुण्या होत्या, दातांच्या डॉक्टरीणबाई. आम्ही खाली येऊन खुर्च्या ओढतो तोच मालक तबक घेऊन हजर. चहा वाफाळता. बायकोचं अंडं अर्धं कच्चं, माझं घट्ट, डॉक्टरीणबाईंची साखर वेगळी, ज्याचं त्याच्यापुढे. विचारणं नाही, हाका मारणं नाही. आदल्या दिवशी एकदाच सांगितलेलं. बायकोने विचारलं, हे बरोबर वेळ कशी साधता? मालक म्हणाले, "घर सांगतं, ताई." मला वाटलं, पाहुण्यांना खूश करायला बोलायची पद्धत आहे.

दुपारी बायको आणि डॉक्टरीणबाई जुनी पाणचक्की बघायला निघाल्या. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. मालक दूधवाल्याच्या गाडीत बसून गावात अंडी आणायला गेले. घरात मी, मांजर आणि सतरा कुरकुरी.

आता खरं सांगतो, माझ्या मनात पाप नव्हतं. उद्या मुलगी परीक्षा घ्यायला येणार, आणि घर असं पावलागणिक विव्हळतंय! पावणेदोनशे वर्षांच्या या म्हाताऱ्याला एका दुपारी ठणठणीत करून मालकांना पास करायचं, असं मी ठरवलं. शब्द बायकोला दिला होता हे खरं, पण तो स्वतःच्या हौसेपुरता. हे परोपकाराचं काम होतं.

जिन्याखाली आडवा होऊन पाचवी आणि बारावी आवळली, फटींत साबणाचा चुरा भरला. बिजागऱ्यांना तेल दिलं. फाटकाच्या कडीखाली चष्म्याच्या डबीतलं फडकं चिकटवलं. नळाला वायसर नव्हता, तो मी कमरेच्या पट्ट्याचं टोक कापून बनवला. शेवटी जेवणघराच्या वाटेत एक कोट टांगायचं लाकडी खोड उभं होतं, अगदी मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याला अडेल असं. ते उचलून कोपऱ्यात ठेवलं. चार तासांत सतराच्या सतरा गप्प. जिना चढून बघितला, उतरून बघितला. लोण्यावरून चालावं तसं! पँट एका हाताने धरावी लागत होती, पण मन भरून आलं होतं.

संध्याकाळपासून मालक जरा वेगळे वाटू लागले. जिन्याशी उभे राहून दोनदा त्यांनी "कोण?" असं विचारलं, तेव्हा तिथे कुणी नव्हतं. बायको समोरून उतरली तेव्हा मात्र ते बोलले नाहीत. चहाचं तबक घेऊन ओसरीवर आले आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे दोन कप ठेवून गेले. आम्ही आतच बसलो होतो. एकदा मधेच थांबून त्यांनी कानात बोट घालून हलवलं. मी बायकोला हळूच म्हणालो, वय झालं हो, मुलीचंही काही चुकत नाही. बायको माझ्या बोटांकडे बघत होती. बोटांना तेल होतं.

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही तिघं खाली उतरलो, चोरांच्या पावलांनी म्हणावं इतक्या अलगद. जेवणघरात जाऊन बसलो. ताटल्या मांडलेल्या, चमचे सरळ रेषेत, आणि पुढे काही नाही. पावणेआठ झाले. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात किटली उकळत होती, हे ऐकू येत होतं. आम्ही सभ्य माणसं. डॉक्टरीणबाईंना वाटलं रविवार आहे, सावकाश चालत असेल. बायकोला वाटलं, घाई केली तर परीक्षेच्या दिवशी म्हातारा गोंधळेल. आणि पलीकडे तो म्हातारा गॅस बारीक करून, उकडलेली अंडी तबकात मांडून, पाचवी पायरी वाजायची वाट बघत उभा होता. मधे एक भिंत आणि दोन्हीकडे सौजन्य!

आठ वाजले तेव्हा मुलगी आत आली. फाटकही वाजलं नाही, दारही नाही. चाळिशीची, खांद्याला बॅग, चेहरा थकलेला. तिने तीन पाहुणे बघितले, तीन रिकाम्या ताटल्या बघितल्या आणि कधीपासून बसलाय म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाई सत्यवचनी. "अर्धा तास," म्हणाल्या.

"बाबा," मुलीने आत हाक मारली, "अहो, लोक अर्धा तास बसलेत!"

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग मालक तबक घेऊन झपाझप बाहेर आले. रोज ज्या जागी ते वळत, तिथे त्यांनी डावा हात पुढे केला, त्या लाकडी खोडासाठी. तिथे हवा होती. ते वळलेच नाहीत. सरळ चालत आले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आदळले. चहा डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर, अर्धं कच्चं अंडं माझ्या शर्टावर, आणि माझं घट्ट अंडं टुणटुण उड्या मारत मुलीच्या पायाशी जाऊन थांबलं. मी दचकून उभा राहिलो आणि पँट धरायला विसरलो. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही.

कुणी हसलं नाही. मुलगी खाली वाकली, ते अंडं उचललं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, पुरे झालं आता."

मालक टेबलाची कड चाचपत उभे होते. त्या चाचपण्यात मला सगळं कळलं. हे टेबल ते बघत नव्हते. तबक, जिना, पाहुणे, काहीच बघत नव्हते. आणि मी, एकतीस वर्षं आवाजावरून यंत्र ओळखणारा माणूस, एका माणसाचे सगळे आवाज मी एका दुपारी बंद करून टाकले होते. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि त्यात पँटचा हिशोब धरलेला नाही.

आता बोलावं तरी पंचाईत. चूक माझी आहे म्हटलं तर का, हे सांगावं लागणार, आणि सांगितलं तर त्यांनी मुलीपासून लपवलेलं उघडं पडणार. गप्प बसलो तर म्हातारा माझ्यापायी नापास. बायकोकडे बघितलं. तिने नुसती मान हलवली, बोला म्हणून.

"मालक," मी म्हणालो, "काल दुपारी जिना मी आवळला. दारांना तेल दिलं. ते खोडही मीच हलवलं."

त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला. आधी त्यांना समजलंच नाही. मग त्यांनी खुर्ची शोधली, बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, आणि थोडे रडतही होते.

"तुम्ही केलंत होय! अहो मिस्त्री, रात्रभर देवाची विनवणी करत होतो मी. मला वाटलं, आता कानही गेले!"

म्हणून गेले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

"कानही म्हणजे?" मुलीने विचारलं.

ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "कधीपासून?" ते म्हणाले, दोन वर्षं. सावल्या कळतात, बाकी नाही. ती उठून खिडकीशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. डॉक्टरीणबाई चहाने भिजलेल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने मुलीने न वळताच मला विचारलं, "होतं तसं करता येईल?"

मंडळी, दुरुस्त करणं सोपं असतं. बिघडवणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. साबणाचा चुरा दाभणाने टोकरून काढला. बिजागऱ्यांचं तेल पुसून त्यांना बंबातली राख चोळली. मालक जिन्याच्या तळाशी स्टूल टाकून बसले होते आणि सांगत होते, "बारावी अजून थोडी जाड आवाजात. हां. नळ असा नाही, दोनदा ठोकतो." मुलगी वरून दारं उघडमीट करत होती आणि त्यांचं ऐकत होती. दुपारपर्यंत सोळा आवाज परत आले. पाचवी पायरी मात्र काही केल्या बोलेना. एकतीस वर्षांची विद्या पणाला लावली, तरी ढिम्म. मी मालकांना सांगायचं टाळलं.

मग मुलगी वर गेली ती बराच वेळ खाली आली नाही. आली तेव्हा अनवाणी, कठड्याला हात न लावता, पाऊल दाबून. मी आणि बायको खाली उभे. कळलं, हीच परीक्षा. ती बारावी चुकवून उतरली. मालक पाठमोरे, कपबशा पुसत. माझा जीव टांगणीला. ती सहावीवर थांबली, कारण पुढची पाचवी. ती मुकी आहे, हे तिला माहीत नव्हतं.

"पाचवी अजून बोलत नाही," मालक न वळता म्हणाले. "ये खुशाल. आणि चपला घाल, दगड गार आहे."

ती तिथेच सहाव्या पायरीवर बसली. "कसं कळलं?"

"तू श्वास धरून उतरतेस. लहानपणी बरणीतल्या साखरेला यायचीस, तेव्हाही असंच उतरायचीस. आईला कधी सांगितलं नाही मी."

मग तिने नाक पुसलं आणि भराभर सांगून टाकलं: दर शनिवारी ती येणार, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार, पाहुण्यांना मालकांना दिसत नाही हे आधी सांगायचं, काही लपवायचं नाही. आणि घर चालू राहणार. मालकांनी होकार दिला तो मान हलवून.

आम्ही सामान घेऊन खाली आलो तोवर तिने एक पुठ्ठा घेऊन त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "पाहुण्यांना नम्र विनंती: या घरात काहीही दुरुस्त करू नये." तो तिने स्वतःच दाराशेजारी ठोकला. डावी बाजू चांगली बोटभर खाली आली होती, खिळाही अर्धाच आत गेला होता. मी हात पाठीमागे घट्ट बांधून उभा राहिलो. बायकोने खबरदारी म्हणून तरीही माझं मनगट धरलं, आणि फाटक वाजेपर्यंत सोडलं नाही.