सुधाकरभाऊंचा गोल

सुधाकरभाऊ आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी ताटातली भाकरी आधी मोजली. खरंच मोजली. बाकीचे लोक कमरेला विळा खोचतात, तिथे हा माणूस फूटभर लांब व्हर्नियर कॅलिपर खोचतो. तो काढला, भाकरीला आडवा लावला, मग उभा लावला, आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सात मिलिमीटरचा फरक हाये वहिनी. पन वाईट नाई."

बायकोने मला आत बोलावलं. "पुढच्या बारीनं याईच्यासाठी बाहीरून भाकर आना," म्हणाली. त्यानंतर भाऊ दहादा तरी जेवून गेले असतील, पण ती त्यांना भाकरी वाढते ती अजूनही चार तुकडे करूनच.

मालेगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि भाऊंचा भाजीचा मळा शिरपूरच्या रस्त्याला. सकाळी वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर बाजारात टाकायचा की मोटारसायकल वळली थेट मळ्यातल्या टिनाच्या शेडाकडे. तिथे त्यांचं सीएनसी यंत्र. तीन खोक्यांत सुटं आलं आणि भाऊंनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून जोडलं. खाली फळी ठेवायची, वर बोटाएवढं पातं गरगर फिरतं, आणि कॉम्प्युटर सांगेल त्या रेषेवरून फळी कापत जातं. सरळ रेघ झकास कापायचं. गोल सांगितला की मात्र त्याच्या अंगात यायचं.

चकती बाहेर यायची ती लांबट, आणि दोन बाजूंनी जराशी दबलेली. मला ती गोलच दिसायची. भाऊ व्हर्नियर लावायचे, "दोन्हीकून मोजा राजेहो, दोन्हीकून," म्हणायचे आणि चकती कोपऱ्यात फेकायचे. त्या फेकलेल्या चकत्या मग गावभर वाटल्या गेल्या. आमच्या घरी तीन आहेत. एक माठावर झाकण म्हणून ठेवलीय, ती कधीच नीट बसत नाही.

"कायले इतकं लावून धरता भाऊ?" मी एकदा वैतागून म्हटलं. "अर्धा मिलिमीटर कोन पाह्यते?"

"गोल म्हनजे गोल," ते म्हणाले. त्यांच्या शांतपणाचा मला फार राग येतो.

दोष शोधण्यात त्यांनी सहा महिने घालवले. आधी टेबल हलतं म्हणून त्याच्या पायांवर कांद्याची पोती रचली. मग चौकट काटकोनात नाही म्हणून दोन्ही कर्ण दोरीने मोजले. पातं बदललं, लाकूड बदललं, कॉम्प्युटरमधले आकडे बदलले. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून एक दिवस मोटारपंप बंद ठेवला, तर पालक वाळला. शिरपूरला एका लग्नात पंगतीला बसले आणि बुंदीचा लाडू मोजायला लागले. वाढप्याला वाटलं, तक्रार आहे, त्याने आणखी दोन वाढले.

आता हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी भाऊंच्या बायकोच्या, कमलवहिनींच्या, डाव्या अंगाला लकवा झाला. पाय सुधारला, हात राहिला. तेव्हापासून पोळ्या भाऊच लाटतात, आणि वहिनी शेजारी पाटावर बसून नुसत्या पाहतात. उजव्या हाताने लाटणं दाबता येतं, पण पोळी फिरवायला दुसरा हात लागतो ना. म्हणून भाऊंना फिरता पोळपाट करायचा होता. खाली जाड फळीत गोल खाच, खाचेत गोल चकती. वहिनी कोपराने ढकलतील आणि चकती फिरेल. ती लांबट झाली की खाचेत अडकते, फिरतच नाही.

हे मला कळलं त्या दिवशी माझी चेष्टा बंद झाली. दुकानाला कुलूप लावलं आणि मी शेडात गेलो.

मला सीएनसीतलं काही कळत नाही, पण झेरॉक्स मशीन वीस वर्षं खोललंय. आत कुठे एक पेच ढिला पडला की छापलेला गोल लांबट होतो, हे मी पाहिलेलं. भाऊंना मोटरची वीज चालू पण यंत्र थांबलेलं ठेवायला सांगितलं आणि पातं धरणारा वरचा आडवा पूल हाताने हलवून पाहिला. एका दिशेला गच्च. दुसऱ्या दिशेला किंचित सरकला. त्या बाजूला मोटर आणि आट्यांचा दांडा जोडणारी कपलिंग होती, आणि तिच्यावर लाल नाडा गुंडाळलेला, हळदीकुंकवाने माखलेला.

"हे काय हाये?"

"दसऱ्याचं," भाऊ म्हणाले. "अवजारं पुजली तवाचं."

"याच्या खाली पेच असनार. सोडा तो."

"नाई."

"काहून नाई? सारं यंत्र खोललं तुमी, तेवढंच राह्यलं."

भाऊ व्हर्नियर उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "तो तिनं बांधला. एका हातानं आन् दातानं. अर्धा घंटा लागला तिले. तिले ते यंत्राचं मनगट वाटलं. मी मदत कराले गेलो तं रागावली. लकव्यानंतर एकटीनं केलेलं तिचं पयलं काम हाये ते. मी कसा सोडू?"

जिच्यासाठी गोल हवा, तिच्याच गाठीखाली त्याचा दोष होता, आणि या माणसाला ते बहुतेक आधीपासून ठाऊक होतं.

वहिनी केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला कळलं नाही. त्या आत आल्या आणि यंत्राशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"सहा महिने कांद्याचे पोते रचून राह्यले," त्या म्हणाल्या. "मले इचारलं असतं तं? गाठ माही हाये. मीच सोडीन."

केसातला आकडा काढून त्या गाठ सोडवू लागल्या. वेळ लागला. भाऊंचे हात दोनदा पुढे गेले आणि दोनदा मागे आले. नाडा सुटला तसा खाली बारीकसा पेच दिसला, बोटाने फिरत होता. भाऊंनी तो आवळला. वहिनींनी नाडा घडी करून कंबरेला खोचला.

नवी चकती कापली. भाऊंनी ती आडवी मोजली, उभी मोजली, आणि मला न दाखवताच खाचेत ठेवली. बोटाने ढकलली. ती फिरली, फिरतच राहिली.

त्याच दुपारी मला जेवायला थांबवलं. वहिनींनी दोन वर्षांनी लाटणं हातात घेतलं. कोपराने पोळपाट ढकलत, मध्येच थांबत त्यांनी एक पोळी लाटली. तिचा आकार भेंडीच्या पानासारखा झाला होता. ती तव्यावरून भाऊंच्या ताटात आली.

भाऊंनी कमरेचा व्हर्नियर काढला. मी मनात म्हटलं, आता हा माणूस मार खातो. त्यांनी पोळी आडवी मोजली, उभी मोजली, आकडा डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला.

"दोन्हीकून सारखी हाये," ते म्हणाले.

वहिनींनी दुसरा उंडा घेतला आणि कोपराने पोळपाट फिरवला.

मी शेजारीच बसलो होतो. अठरा मिलिमीटरचा फरक होता. मी खाली मान घालून वांग्याची भाजी खाल्ली, आणि आजवर कोणाला सांगितलं नाही.