खडकवासला कोणत्या खिडकीत?

"चोराला मी त्याच्या सावलीवरून ओळखतो. सावली नसेल तर उन्हावरून," असं हिंमतराव स्वतःबद्दल सांगत. हडपसरच्या त्यांच्या सोसायटीत हरवलेल्या चपला आणि एक बेपत्ता मांजर अशी प्रकरणं त्यांनी आजवर हाताळली होती. पैकी मांजर आपलं आपण परत आलं. एरवी ते भूगोलाचे निवृत्त मास्तर. पण ही बाब ते सवडीने सांगत.

त्यांची सहायक म्हणजे सून उत्कर्षा. कडेवर तान्ही संस्कृती असल्यामुळे तिला पळून जाता येत नसे, ही तिची मुख्य पात्रता.

नवं प्रकरण घरातलंच होतं. उत्कर्षाचा नवरा अभिनव नोकरीसाठी दिल्लीत. त्याला भेटायला सगळे विमानाने निघणार होते. सासूबाई मुक्ताई पहिल्यांदाच विमानात बसणार. त्यांनी एकच मागितलं, वरून खडकवासल्याचं पाणी बघायचंय. त्या काठावर त्यांचं माहेर होतं. भावांनी जमीन विकली, घर गेलं, इमारती आल्या. पाणी तेवढं जागेवर उरलं होतं.

"डावी खिडकी की उजवी," हिंमतराव म्हणाले, "प्रश्न छोटा, पण गहन."

शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या लेंग्यावरून त्यांनी वारा ताडला आणि विमान पश्चिमेकडे उडणार असं जाहीर केलं. मग संशय पंखावर गेला.

"तो नेमका आपल्या बाजूला आडवा येणार."

"बाबा, पंख दोन्हीकडे असतात."

"म्हणूनच तर तो नेहमी सुटतो."

शेवटी दिवाणखान्यात खुर्च्या मांडून तालीम झाली. बायका प्रवासी. हिंमतराव पश्चिमेच्या भिंतीशी, प्रवाशांकडे तोंड करून, हातात पट्टी घेऊन उभे राहिले. जन्मभर वर्गावर उभे राहिले तसेच.

"पश्चिमेकडे तोंड केलं की दक्षिण डाव्या हाताला. खडकवासला तिकडेच. म्हणजे ही बाजू," म्हणत त्यांनी आपला डावा हात उंचावला.

मुक्ताईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि पुन्हा गवार मोडायला घेतली.

मोबाइलवर जागा निवडताना दुसऱ्या बाजूच्या खिडक्या जवळजवळ संपलेल्या दिसल्या. "बाबा, सगळे तिकडे का बसतायत?" उत्कर्षाने विचारलं.

"लोक चुकतात तेव्हा झुंडीने चुकतात," हिंमतराव म्हणाले आणि आपल्या बाजूच्या दोन खिडक्या पटकावल्या. पुढची स्वतःला, मागची मुक्ताईंना. उत्कर्षा सासूबाईंच्या शेजारी.

विमानात उत्कर्षा लेकीचा पट्टा लावण्यात गुंतली. वर पाहते तो शेजारी सासूबाईंच्या जागी एक दाढीवाला तरुण डोळे घट्ट मिटून बसलेला, हातात त्यांच्या डब्यातली चकली.

विमान धावलं, उडालं. हिंमतरावांचं नाक काचेला चिकटलेलं. खाली भोसरीच्या कारखान्यांचे पत्रे चमकत होते. मग आणखी पत्रे.

"धरण हलवलंय," ते पुटपुटले.

उत्कर्षाने मान वळवली. पलीकडच्या खिडकीशी मुक्ताई बसल्या होत्या. काचेवर बोटाने त्या हळूहळू कसला तरी काठ गिरवत होत्या, बाळाच्या गालावरून फिरवावं तसं बोट. उत्कर्षाने नजर काढून घेतली. ते त्यांचं एकट्यांचं होतं.

"मुक्ता, दिसलं का काही?" हिंमतरावांनी खुर्च्यांच्या फटीतून विचारलं.

"काका, मी घाबरून डोळेच उघडले नाहीत," दाढी म्हणाली. "आजी म्हणाल्या, तुला बघायचं नाही तर खिडकी मला दे."

पट्ट्याचा दिवा विझताच हिंमतराव पलीकडे जाऊन उभे राहिले.

"तुला कुणी सांगितलं?"

"इतकी वर्षं तुमच्या समोर बसून जेवतेय. तुमचा डावा हात माझ्या उजवीकडे येतो."

"मग घरी का नाही बोललीस?"

"अजून एक तालीम घेतली असतीत. गवार व्हायची होती."

हिंमतराव तिच्या खिडकीकडे वाकले. मग मास्तरांचाही नाही, शोधकाचाही नाही, अशा बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "पण दिसलं ना गं?"

"दिसलं. अख्खं." मुक्ताईंनी पदराने डोळ्यांचं टोक टिपलं आणि चकलीचा डबा पुढे केला. "आता परतीची खिडकीही तुम्हीच शोधा. म्हणजे कुठे बसायचं नाही ते मला कळेल."