मागचा चाप आपला

दौलतकाका आपल्या रायफलीचा चाप दिव्याच्या वातीने ओढून बघतात. संध्याकाळी ओसरीवर बसायचं, रायफल रिकामी आहे ना हे दोनदा पाहायचं आणि खिशातली पत्र्याची डबी काढायची. डबीत हाताने वळलेल्या कापसाच्या वाती. त्यातली एक चापाला अडकवून, दोन्ही टोकं चिमटीत धरून हळूच ओढायची. वात न तुटता चाप सुटला, तर काका खूश आणि वात परत डबीत.

मी एकदा त्यांना बाजारातल्या वातींचं पाकीट नेऊन दिलं. ते माझ्यावरच उखडले.

"ह्या वातीनं बैल बांधता येते लेका! घेऊन जाय तुही वात!"

अशी रायफल ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. तिला चाप दोन असतात. मागचा ओढला की 'टक' होतं आणि आतला खटका ताणून बसतो. गोळी सुटते ती पुढच्याने. तो किती हलका असावा हे दोन्हींच्या मधला एक बारीक स्क्रू ठरवतो. अशा रायफलीच्या मालकांची या स्क्रूबद्दल भलतीच ठाम मतं असतात म्हणे. कुणाला जरा जड चाप आवडतो, कुणाला मऊ. काकांच्या रायफलीजवळ तर शिंकायची चोरी.

यात माझं काय जातं, असं तुम्ही विचाराल. माझा मका जातो! आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडच्या, म्हणजे तेलंगणाच्या काठावर आहे आणि काकांचं शेत माझ्या शेताला लागून. परवाना पीक राखण्याचा. पण पुढचा चाप इतका हलका, की काकांचा नेम लागायच्या आतच बार उडतो. एकदा त्यांनी स्वतःचं बुजगावणं पाडलं. रानडुकरं आता आवाज झाला की मान वर करून बघतात आणि पुन्हा माझ्या मक्यात तोंड घालतात.

"काका, तो स्क्रू जरासा आवळा ना," मी कितीदा म्हटलं.

"काऊन आवळू? तुह्या बापाची बंदूक हाये?"

आणखी एक खोड. "मागचा आपला" हे त्यांचं पालुपद. एसटीत पुढे जागा असली तरी हे मागच्या बाकावर. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या रांगेत. फोटो काढताना सगळ्यांच्या मागे, निम्मे झाकलेले. पुढे या म्हटलं की हात हलवायचे, "राहू दे, मागचा आपला." गावाने हे हसण्यावारी नेलं होतं. मीही.

मागे पंचायतीच्या निवडणुका आल्या. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. निकाल लागल्यावर रायफल परत आणायला मी काकांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. काकांनी तिथेच डबी काढली. मागचा चाप ओढला, टक. पुढच्याला वात लावली, ओढली. वात तुटली.

"पेद्दायना, बहुत हल्का था," ठाण्याचे तेलुगू साहेब काकांना वडीलकीचा मान देत हसत म्हणाले. "डेंजर. हमारे आदमी ने टाइट कर दिया. फ्री में!"

काकांच्या मानेची शीर फुगली. "कोणाले इचारून? जशी देल्ली तशी वापस पायजे!"

"अरे काका, अच्छाच किया ना."

"अच्छा तुमी ठरवनार? बंदूक मायी, बोट मायं!"

आणि त्यांनी ठाण्याच्या पायरीवर बैठक मारली. साहेबांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. काका ढिम्म. रायफल आडवी मांडीवर, डबी मुठीत. येणारेजाणारे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शेजारी टेकलो आणि हळूच म्हणालो, "काका, चला ना. आता निदान एखादं डुक्कर तरी पडेल."

"डुकरासाठी थोडीच हाये थे!" ते म्हणाले. मग डबी उघडून माझ्यापुढे धरली.

"तुही काकू मारे डुक्कर. तिच्या माहेरची बंदूक. नेम कसा होता तिचा, तुले मालूम हाये. मंग तिच्या हातातला जोर गेला. मागचा चाप तिच्यानं ओढवेना. म्हून मागचा मी ओढू लागलो, पुढचा तिनं. तिच्या मांगं बसून. पुढचा तिच्या बोटाले झेपन इतका हलका केला. ह्या वाती तिच्याच हातच्या, शेवटच्या. हातात जोर नाई, म्हून अशा ढिल्या." त्यांनी डबी मिटली. "आता कसा समजन मले तिच्या बोटाचा जोर?"

मी उठलो आणि साहेबांशी असा भांडलो, की माझं मलाच नवल वाटलं. शेवटी ते कंटाळून म्हणाले, घेऊन जा, घरी काय करायचं ते करा.

ओसरीवर बसून काकांनी पेचकसाने स्क्रू जरासा सैल केला. वात तुटली. आणखी सैल केला. पुन्हा तुटली. डबीत एकच वात उरली तरी ते घाईघाईने पुन्हा पेचकस लावू लागले. मी म्हटलं, "थांबा. मागचा ओढून झाला ना तुमचा? मग आता घाई करू नका." त्यांनी स्क्रू केसभर फिरवला, वात अडकवली, डोळे मिटले आणि ओढली.

पुढचा चाप सुटला. वात शाबूत होती. काकांनी ती डबीत ठेवली आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना मी बांधावर होतो. काका मचाणावर, नेहमीसारखे मागे सरकून बसलेले. पुढे माणूसभर जागा मोकळी. डुकरांचा कळप आला. 'टक' मला स्पष्ट ऐकू आलं. बार मात्र उडाला नाही. काका मागचा ओढून थांबले होते. कळप त्यांच्यासमोरून आरामात माझ्या मक्यात शिरला.

खाऊ देत. पण त्या स्क्रूला आता कुणी हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे.