खांबेट्यांचे छर्रे

खांबेटे लिफ्टचं बटण दाबण्याआधी श्वास रोखतात. दोन्ही पाय खांद्याइतके फाकवतात, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात, अर्धा श्वास सोडतात, आणि मग त्यांची तर्जनी बटणाकडे इतकी सावकाश निघते की तोवर वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी लिफ्ट पळवलेली असते. इकडे आखातात, बिन महमूदमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी राहायला आलो त्या दिवशी गादीची गुंडाळी खांद्यावर घेऊन मी त्यांच्या मागे उभा होतो. मला वाटलं, ह्या माणसाला चक्कर येतेय. बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं. लिफ्ट आली, आत शिरलो, तेव्हा म्हणाले, "बटण दाबायचं नसतं. ते दाबलं गेलं पाहिजे."

पुढे कळलं की हे गृहस्थ एअर रायफल चालवतात. नाशिकचे, आमच्याच मेसईदच्या खत कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला. म्हणजे दिवसभर व्हॉल्व्ह आणि गेजेस, आणि शनिवारी सकाळी शहराबाहेरच्या क्लबात दहा मीटरवरचा कागद. कागदावर टिकलीएवढं काळं वर्तुळ, त्याच्या मधोमध मोहरीएवढा ठिपका. तो ठिपका उडवायचा. उडाला की दुसरा कागद लावायचा. ह्यात मजा काय, हे मी त्यांना एकदा विचारलं आणि मेसईद येईपर्यंत बसमध्ये ऐकत बसलो. मला चौकशा करायची खोड आहे, तिची शिक्षा मीच भोगतो.

खांबेटे काहीही विकत घेताना बघण्यासारखे असतात. घरातला कुकर त्यांनी शिट्टी तपासल्याशिवाय घेतला नाही, आणि शिट्टी तपासायला दुकानात पाणी आणि शेगडी मागितली. कांदे घेताना एका मापाचे निवडतात. मेधावहिनी म्हणतात, "ह्यांना भाजी आणायला पाठवलं की मी आधी वरणभात करून ठेवते." दुकानदार मालाची स्तुती करायला लागला की खांबेटे हात वर करून म्हणतात, "अंदाज नको, पुरावा द्या."

अशा माणसाच्या कानावर बातमी आली की शिशाच्या छऱ्यांवर बंदी येणार.

येणार म्हणजे, येऊ शकते. हे छर्रे तिकडे युरोपात बनतात, आणि शिसं जमिनीला, पाण्याला, पक्ष्यांना, माणसांनाही वाईट म्हणून तिथे ते बंद करायचा विचार चाललाय. कधी, ते कुणी सांगेना. नेमबाजीच्या खेळाला सूट मिळेल म्हणावं तर तेही नक्की नाही. क्लबात दोन तट पडले. अर्धे म्हणाले, आत्ताच पुढच्या काही वर्षांचा साठा करून ठेवा, म्हणजे विषय खलास. उरलेले म्हणाले, एवढा साठा कशाला, कथलाचे छर्रे निघालेत, त्यांचीच सवय करा. इथे बंदूक घरी आणायची सोय नाही. ती क्लबच्या कपाटात, छर्रेही तिथेच, आणि मालाची मागणी क्लबच करतो. ह्या वेळी स्टोअरवाल्याने उन्हाळ्याआधीची तारीख देऊन प्रत्येकाला सांगितलं, काय हवं, किती हवं, कुठल्या मापाचं हवं, एकदाच काय ते ठरवा.

झालं. खांबेट्यांची झोप उडाली.

त्यांनी कथलाचे छर्रे थोडे मागवून पाहिले. कथील म्हणजे आपल्या कल्हईचं. ते शिशापेक्षा हलकं आणि कडक, त्यामुळे छर्रा जोरात जातो पण जाईल तिथे जातो. खांबेट्यांनी ते कागद घरी आणून फ्रिजवर लावले. मी चहाला गेलो तर फ्रिजवर कांजिण्या आल्यासारखं दिसत होतं. मग त्यांच्या डोक्यात आलं की कथलाशी जमणारी नवीन नळीच घ्यावी. पण बंदी आलीच नाही तर? आणि साठा केला, अन् क्लबनेच शिसं बंद केलं तर? बसमध्ये ते मला विचारायचे, बंदी येईल का? ड्रायव्हरला विचारायचे. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी केक खायला आलेल्या एका फायनान्सवाल्याला गाठलं आणि युरोपचं धोरण काय म्हणून पिडलं. तो बिचारा प्लेट घेऊन बाल्कनीत गेला, तर हे मागोमाग बाल्कनीत.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. हा माणूस पुरावा मिळाला की ठरवतो. पुरावा मिळेपर्यंत थांबतो, पण थांबताना त्याला मजा येते. ह्या वेळी मजा येत नव्हती. चेहरा उतरलेला, डब्यातली पोळी तशीच परत जायची. छऱ्यांपायी कुणी जेवण टाकतं का? शेवटी मला राहवेना. एका शनिवारी मी म्हटलं, मलाही तुमचा क्लब बघायचाय.

गाडीत पुढे त्यांची मुलगी रेवा बसली. तीही रायफल चालवते, शाळेत असल्यापासून. बारावी झालेली, कानात काहीतरी खुपसलेली, घरी मी तिच्या तोंडून कधी चार शब्द ऐकले नव्हते. वहिनी म्हणतात की घरात बापलेकीचं बोलणं म्हणजे वायफाय चालू आहे का, एवढंच. पण गाडी कॉर्निशचा समुद्रकाठचा रस्ता सोडून पुढे लागली आणि तिने कानातलं काढलं. मग दोघं जे सुरू झाले! तिच्या खांद्याची पट्टी, त्यांचा सुटलेला नेम, मधेच तिच्या मैत्रिणीचं भांडण, मग परत नेम. खांबेटे हसत होते. मला विचारताय तर, मागच्या सीटवर बसून मी त्या दिवशी माझ्या शेजाऱ्याला पहिल्यांदा पाहिलं.

क्लबात रेवा आत गेली आणि आम्ही बाहेर कडक चहा घेऊन बसलो. मी सरळच विचारलं की खांबेटे, शिसं की कथील, एवढं काय अडलंय? त्यांनी हातातला कागदी कप फिरवला.

"शिशाचं काय हो, ते गेलं तर दुसरं येईल," ते म्हणाले. "मला ते कळतं. रेवा ऑगस्टमध्ये पुण्याला चाललीय, कॉलेजला."

मग हळूहळू सांगितलं. प्रत्येक नळीला छऱ्याचं आपलं माप लागतं. त्यांच्या बंदुकीला थोडं मोठं, रेवाच्या बंदुकीला त्याहून केसभर लहान. डोळ्याला फरक दिसत नाही, नळीला कळतो. म्हणजे साठा करायचा तर आधी ठरवायला हवं, एकाचा करायचा की दोघांचा.

"तिचे घेतले आणि ती परत आलीच नाही बंदूक धरायला, तर दर शनिवारी ते डबे बघायचे. नाही घेतले आणि सुट्टीत आली, तर म्हणेल, बाबाने मला हिशेबात धरलंच नव्हतं."

मी म्हटलं, अहो, मग तिला विचारा ना.

"विचारलं तर हो म्हणेल," खांबेटे म्हणाले. "मला वाईट वाटू नये म्हणून म्हणेल. तो पुरावा नाही."

मी चहा संपवला. मला त्यांची कीव आली, आणि आपलाही मुलगा कधीतरी मोठा होणार हे आठवून स्वतःचीही आली.

शेवटच्या तारखेला त्यांनी मागणी दिली. मला बसमध्ये सांगितलं, बंदी येणार ह्याची आता खात्री झालीय, म्हणून शिशाचाच भरपूर साठा केला. कसली खात्री, कुठून झाली, मी विचारलं नाही. सगळ्या बिल्डिंगलाही त्यांनी तेच सांगितलं.

माल आला तेव्हा रेवाच्या जाण्याला थोडेच दिवस उरले होते. उन्हाळा असा की गाडीचं हँडल धरवत नव्हतं. खांबेट्यांनी मला खोकी उचलायला नेलं. स्टोअरच्या काउंटरवर डब्यांची चळत लागली होती. रेवा आपली बंदूक परत ठेवायला आली, तिने एक डबा उचलला, पालथा करून वाचला. मग दुसरा. मग खालचा ओढून काढला.

"बाबा, हे सगळे माझ्या साइझचे आहेत."

"हो का?" खांबेटे म्हणाले. "चुकून झालं असेल."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. कांदे एका मापाचे घेणारा माणूस चुकून असं करेल, हे तिलाही पटण्यासारखं नव्हतं.

"मग तू काय मारणार?"

"माझे ते कथलाचे आहेत ना उरलेले. चालतील मला."

रेवाने डबे दोन भागांत सारले. घाईने नाही, एकेक करून. अर्धे स्वतःकडे ठेवले, अर्धे काउंटरच्या पलीकडे ढकलले.

"हे बदलून घे," ती म्हणाली. "मी डिसेंबरात येईन तेव्हा तुझे नेम इकडेतिकडे जात असले तर मी कुणाबरोबर मारायचं?"

तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं. मी दुसरीकडे बघायला लागलो, तिथे बघण्यासारखं फक्त आग विझवायचं नळकांडं होतं.

स्टोअरवाला बरा माणूस. काही हरकत नाही सर, बदलून देतो, तुमचं माप सांगा, म्हणाला आणि पेन काढून थांबला. खांबेटे दोन्ही हात काउंटरवर टेकून उभे राहिले. इतकी वर्षं वापरलेलं स्वतःचं माप त्यांना आठवेना.

मग रेवानेच सांगितलं.