खलनायकाच्या खांद्यावर

"कार्यक्रम माझ्यावर सोडा! सेकंदाचीही चूक व्हायची नाही!" वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी अध्यक्षांना छातीठोकपणे सांगितलं.

चूक परवडणारीच नव्हती. बालविभागाच्या छपराची चाळण झाली होती. महिनाअखेरीपर्यंत ते दुरुस्त झालं नाही, तर दाराला कुलूप! सुदैवाने एका नामांकित नटाला चांगल्या कामांचं वेड होतं. पडद्यावर तीस वर्षं लोकांची घरं पेटवणारा हा खलनायक एरवी शाळा आणि दवाखाने उभे करत हिंडायचा. बरोबर अकराला वाचनालयातूनच टीव्हीवर थेट तो आपल्या गडगडाटी आवाजात मदतीचं आवाहन करणार होता.

माईक, खुर्च्या, फुलं, बाईंनी सगळं दोनदा तपासलं. फक्त सासूबाई राहिल्या! त्या बाईंच्या आठ महिन्यांच्या लेकीला काखोटीला मारून पहिल्या रांगेत हजर.

"आई, तुम्ही घरी थांबणार होतात ना?"

"तीस वर्षं शिव्या घालतेय मेल्याला! एकदा तोंडावर घालू दे की!"

तोच मेला समोर येऊन वाकला. "आजी, घेऊ का जरा हिला?"

"घ्या ना, साहेब!" सासूबाईंचं पार लोणी झालं.

आणि घात झाला! पाळणा, अंगाई, बापाच्या येरझाऱ्या, कशालाही दाद न देणारी ती कार्टी खलनायकाच्या खांद्यावर डोकं टेकताच गाढ झोपली. लाळेची धार थेट कोटावर!

अकराला दोन मिनिटं. अध्यक्ष धावत आले. "बाई, उचला तिला!"

बाईंनी हात पुढे केले. पोरीने झोपेतच ओठ काढला.

"राहू द्या," खलनायक कुजबुजला. "दमलीय बिचारी."

"अहो, पण भाषण?"

"करतो की. हळू."

ज्याच्या डरकाळीने थिएटरच्या खुर्च्या हादरायच्या, तो कुजबुजत बोलू लागला. "गेला बालविभाग!" म्हणत अध्यक्षांनी डोकं धरलं. तेवढ्यात आलेली शिंक त्यांनी रुमालात गाडली, तर डोळे कपाळात गेले!

पण घराघरांत लोक टीव्हीजवळ सरकले. हा एवढं हळू काय सांगतोय, म्हणून जिवाचा कान करून ऐकू लागले. भाषण संपलं आणि फोन सुरू झाले. कुणी पत्रे देतो म्हणे, कुणी सुतार धाडतो म्हणे! बालविभाग वाचला!

पाठोपाठ दुसरेच फोन. "त्या अनाथ बाळाला आम्ही दत्तक घेऊ का?"

"अनाथ?" सासूबाईंनी फोन हिसकावला. "तिची आजी अजून धडधडीत जिवंत आहे!"

शेवटी साहेबांनी पोरीला अलगद आईच्या हातात दिलं. तिने डोळे उघडले, आईला ओळखलं आणि असा टाहो फोडला, की खलनायक दोन पावलं मागे सरला. "बाप रे! एवढा आवाज माझाही नाही!"

तो गाडीपर्यंत पोचला असेल नसेल, बाई रडती पोर घेऊन मागे धावल्या.

"साहेब, तुम्ही एवढी चांगली कामं करता... आणखी एक घेता का हातात? रोज दुपारी, दोन ते चार?"