वारली म्हणे

डोरीन गेल्याचे क्लाईव्हला मंगळवारी सकाळी कळले. ती आठ दिवसांसाठी बहिणीकडे, इंग्लंडात हॅलिफॅक्सला गेली होती. त्या बहिणीचा, ब्रेंडाचा, फोन आला तेव्हा तो कोंबड्यांना दाणे टाकून नुकताच आत आला होता. ब्रेंडा म्हणाली, "क्लाईव्ह, आधी खाली बस." तो उभाच राहिला. डोरीन रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही, असे ब्रेंडाने सांगितले. क्लाईव्ह म्हणाला, "बरं." फोन ठेवल्यावर मग तो बसला.

दुपारच्या गाडीने निघायचे होते. त्याआधी दोन कामे होती. ल्युसेटच्या बेकरीत जाऊन रोजचा पाव बंद करायचा आणि शेजारच्या आर्माँला कोंबड्या बघायला सांगायचे. आर्माँ या वेळी बेकरीतच सापडे. तो तिथले वर्तमानपत्र विकत न घेता उभ्याने वाचत असे. म्हणजे दोन्ही कामे एका ठिकाणी होणार होती. अडचण एवढीच होती की बातमी फ्रेंचमध्ये सांगायची होती.

क्लाईव्हने हॅलिफॅक्समध्ये तीस वर्षे बस चालवली. डोरीन शाळेच्या कचेरीत होती. निवृत्त झाल्यावर दोघे फ्रान्समधल्या या गावात राहायला आले, त्याला बारा वर्षे झाली. डोरीन पुस्तकातून फ्रेंच शिकली आणि क्लाईव्ह डोरीनकडून. शिकवणी जेवणानंतर, भांडी घासताना व्हायची. घरात सहा ताटल्या होत्या आणि क्रियापदाची रूपेही सहा. मी, तू, तो, आपण, तुम्ही, ते. डोरीन धुवायची, क्लाईव्ह पुसायचा, आणि पुसता पुसता एकेका ताटलीला एकेक रूप म्हणायचा. चुकला की ताटली परत पाण्यात. पहिल्या हिवाळ्यात 'तुम्ही'ची ताटली एका दिवशी अकरा वेळा धुतली गेली.

"इंग्रजीत बरं आहे," क्लाईव्ह म्हणायचा. "आय ड्राइव्ह, यू ड्राइव्ह, सगळ्यांना एकच. बस तीच ना?"

"बस तीच. पण इथे चालवणारा बदलला की शेपूट बदलतं. पूस मुकाट्याने."

भूतकाळ आला तेव्हा तर भांडणच झाले. खाल्ले, प्यायले, पाहिले यांना मदतीला एक क्रियापद आणि गेले, आले यांना दुसरेच.

"येणं, जाणं, जन्मणं, मरणं. ही सगळी 'असणं' बरोबर घेतात," डोरीनने सांगितले.

"मरायलासुद्धा 'असणं' लागतं?"

"लागतं."

"काहीतरीच," क्लाईव्ह म्हणाला आणि ताटली उलटी ठेवली.

त्याला मनापासून आवडलेला धडा एकच. एकदा तो बेकरीतून तोंड पाडून आला. ल्युसेटने आदल्या दिवशीचा पाव दिला होता. डोरीनने विचारले, "तू काय म्हणालास?" "मला पाव पाहिजे, असं म्हणालो." "दरडावलंस म्हणजे. क्रियापदाच्या शेवटी 'रे' लाव. वुद्रे. 'मला पाव हवा होता.' शेवटी 'रे' आला की या देशात कोणी रागावत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ताजा पाव मिळू लागला. त्यानंतर क्लाईव्हने बाकीचे काळ सोडून दिले. एका ब्रेकने सगळी बस थांबत असेल तर आणखी ब्रेक कशाला, असा त्याचा हिशेब. जिथे तिथे तो 'रे' लावू लागला आणि बारा वर्षे त्याचे काही अडले नाही.

त्या मंगळवारी वाटेभर त्याने वाक्य जुळवले. पाव विकणाऱ्या बाईच्या अंगावर सकाळी सकाळी अशी बातमी फेकू नये, ती जितकी जमेल तितकी सौम्य करून सांगावी, असे त्याला वाटले. त्याने टोपी काढली आणि 'आहे'च्या जागी 'रे'वाले रूप घातले. 'ए' म्हणायच्या जागी 'सरे' म्हणाला.

आता हाच 'रे' त्या देशात वर्तमानपत्रेही वापरतात, पण अदबीसाठी नाही. बातमी पक्की नसली, कुणीतरी म्हणते एवढेच असले, की वापरतात. डोरीनने हे त्याला सांगितले नव्हते. त्यामुळे ल्युसेटला ऐकू आले ते असे: "माझी बायको वारली म्हणे."

ल्युसेटच्या हातातला पाव तसाच राहिला. "म्हणे? कोण म्हणतं?"

"तिची बहीण."

आर्माँने वर्तमानपत्र खाली केले. "आणि तुला खात्री आहे?"

"माझी खात्री असती," क्लाईव्ह अदबीने म्हणाला.

ल्युसेट आणि आर्माँने एकमेकांकडे पाहिले. क्लाईव्हने कोंबड्यांचे सांगितले, टोपी घातली आणि तो गेला.

तो दोन आठवडे इंग्लंडात होता. तेवढ्यात गावाने सगळे समजून घेतले. आर्माँचे मत असे की त्या बहिणीला डोरीन तिकडेच ठेवून घ्यायची आहे, म्हणून तिने या भोळ्या माणसाला असले काही कळवले. ल्युसेटचे मत वेगळे होते. तिच्या मते डोरीननेच तसा निरोप द्यायला सांगितला असावा. "बारा वर्षं त्या माणसाला क्रियापदं शिकवायची म्हणजे चेष्टा आहे का? कोणतीही बाई पळेल." तरी दर शनिवारी डोरीन नेत असे तो सफरचंदाचा टार्ट तिने दोन्ही शनिवारी बाजूला ठेवला. डोरीन गायची त्या चर्चच्या गायनमंडळानेही तिची खुर्ची हलवली नाही.

क्लाईव्ह परत आला तो रक्षा घेऊन. ब्रेंडाने रक्षेची पिशवी प्रवासात सांडू नये म्हणून डोरीनच्याच बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. दोन कुत्र्यांचे चित्र असलेला लाल डबा. दरवर्षी नाताळात बहिणीकडून येताना डोरीन तो भरून आणायची. क्लाईव्हने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि सकाळी पावाला गेला.

"मस्यू क्लीव्ह!" ल्युसेट ओरडली. 'मस्यू' म्हणजे साहेब; नाव मात्र बारा वर्षांत तिला नीट म्हणता आले नव्हते. "आलात? आणि डोरीन? डोरीन कुठे आहे?"

क्लाईव्हने विचार केला. खरे उत्तर एकच होते. ते त्याने जमेल तितके हळुवारपणे दिले.

"ती स्वयंपाकघरात असावी म्हणे."

"अगं बाई! आली!"

ल्युसेटने दारावर 'बंद' पाटी लावली. सकाळी अकरा वाजता ती पाटी कुणी कधी पाहिली नव्हती. टार्ट उचलून ती पुढे, वाइनची बाटली घेऊन आर्माँ मागे. क्लाईव्ह "थांबा, थांबा" म्हणत त्यांच्यामागून, पण तेही 'रे' लावून म्हणत असल्यामुळे कुणी थांबले नाही.

"डोरीन!" आर्माँ दारातूनच ओरडला. "पुरे झालं आता! बाहेर या!"

स्वयंपाकघरात कुणी नव्हते. ल्युसेटने फडताळामागेही पाहिले. आर्माँला मात्र टेबलावरचा डबा दिसला.

"बघा! बिस्किटं आणलीत, म्हणजे आलीच आहे. मागच्या अंगणात असेल," असे म्हणून त्याने झाकण उघडले आणि हात घातला.

"ती बिस्किटं नाहीत!" क्लाईव्ह इंग्रजीत ओरडला.

आर्माँने पिशवी अर्धी वर काढली होती. तिला एक चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर डोरीनचे पूर्ण नाव होते. त्याने पिशवी अगदी सावकाश परत ठेवली, झाकण लावले आणि हात पँटला पुसावा की नाही हे न कळल्यामुळे तसाच धरून ठेवला.

"क्लीव्ह," तो म्हणाला, "ही... ही ती आहे म्हणे?"

"सरे," क्लाईव्ह म्हणाला.

"अरे, 'सरे' काय 'सरे'! 'सरे' म्हणजे ऐकीव. कुणीतरी सांगतं, खरं-खोटं माहीत नाही. आहे की नाही?"

 क्लाईव्हला बेकरीतला मंगळवार आठवला, आणि आपण दोन आठवडे काय सांगत होतो ते कळले.

"ए," तो म्हणाला. "आहे."

"आणि वारली, तेही...?"

फ्रेंचमध्ये मरायलाही 'असणे' लागते. क्लाईव्हने ते वाक्य पहिल्यांदाच पूर्ण, सरळ, शेपटाशिवाय म्हटले. "एल ए मॉर्त." ती वारली. त्यात एकही चूक नव्हती. 

ल्युसेट टार्ट हातात घेऊन तशीच रडू लागली. "मी तिला पळून गेलेली म्हणत होते हो! सगळ्या गावात म्हणत होते!"

"तिला आवडलं असतं," असे काहीतरी क्लाईव्हला म्हणायचे होते, पण त्याला येत नव्हते. म्हणून त्याने ताटल्या काढल्या. तिघांनी टार्ट खाल्ला. आर्माँने डावा हात वापरला. नंतर ल्युसेटने तीन ताटल्या धुतल्या आणि क्लाईव्हने पुसल्या. मी, तू, तो. पुढे पुसायला ताटल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बेकरीत क्लाईव्हला त्या 'रे'ची भीती वाटू लागली होती. आता धोका नको म्हणून तो ठणकावून म्हणाला, "मला पाव पाहिजे."

ल्युसेटने कमरेवर हात ठेवले. "पाहिजे? अहो मस्यू क्लीव्ह, डोरीन असती तर काय म्हणाली असती?"

प्रश्न त्याला कळला. उत्तरही माहीत होते, इंग्रजीत. फ्रेंचमध्ये तो काळ त्याला येत नव्हता. ल्युसेटने ताजा पाव त्याच्या हातात दिला.

घरी येऊन त्याने डोरीनची वही काढली. तिच्या अक्षरात एकेक काळ, एकेक पान. 'रे'च्या पानाखाली पेन्सिलीने लिहिले होते: 'याचा वर्तमानपत्रातला उपयोग. परत आल्यावर क्लाईव्हला सांगणे.' त्याने पान उलटले. पुढच्या पानावर नुसता मथळा होता, 'असती तर'. खाली सहा ओळी आखलेल्या होत्या, 'मी'पासून 'ते'पर्यंत, आणि त्या कोऱ्या होत्या.

तो धडा व्हायचा राहिला आहे.