तापाचे कागद, फुटाण्यांच्या पिशव्या

राधानगरीकडच्या डोंगरी गावांना हिवतापाचं औषध द्यायचं की नाही, हे आरोग्य खात्याच्या सोमवारच्या सभेत ठरणार होतं. मुंबई सरकारच्या जाडजूड अहवालांत त्या गावांची नावंसुद्धा नव्हती. आकडे होते एकाच माणसाकडचे. संस्थानच्या काळात देवी टोचणारे पिराजीआण्णा एकोणीस वर्षं तिथे पायी हिंडले होते आणि कुठे किती माणसं तापाने पडली, ते दरसाल हाताने लिहून कोल्हापूरच्या कचेरीत धाडत होते. ते कधी छापलं गेलं नाही, म्हणून कोणी वाचलंही नाही. डॉक्टर लीला सरनोबतांनी मात्र ते कागद मागितले.

कारकून अंबादास अभिमानाने म्हणाला, "गेल्या आठवड्यातच कपाट साफ केलं की, बाई. समदी रद्दी घालवली."

ती रद्दी शाहूपुरीतल्या बाबालालने नेली होती. त्याने खळ लावून तिच्या पिशव्या केल्या, आणि पिशव्या गेल्या राजारामपुरीत तात्यांच्या फुटाण्यांच्या दुकानात. "रिकामी पिशवी विकायची आमची रीत नाही," असं म्हणत तात्या अडून बसले. तेव्हा बाईंनी उरलेल्या साऱ्या पिशव्या भरून घेतल्या. चार दिवस बाई चहाच्या किटलीच्या वाफेवर पिशव्या उकलत होत्या आणि अंबादास फुटाणे संपवत होता. त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या, पण कोणाला दया आली नाही. पिराजीआण्णांचं अक्षर मोत्यासारखं होतं. पण सात सालं सापडेनात. ती गिऱ्हाइकांबरोबर गावभर गेली होती.

रविवारी बाई अंबादासला घेऊन एस.टी.ने आण्णांच्या गावी पोचल्या आणि चाचरत सगळं सांगितलं. सत्तरीचे आण्णा आत गेले आणि एक ट्रंक ओढत बाहेर आले. त्यात एकोणीसच्या एकोणीस सालं ओळीने लावलेली होती.

"नक्कल ठेवल्याबिगर कागद कवा धाडला न्हाय मी," आण्णा म्हणाले. अंबादासने पोटावर हात ठेवला.

"पर एकाची बी पोच आली न्हाय, बाई. आदी पोच द्या, मग ट्रंक न्या."

बाईंनी ओसरीवर मांडी घालून एकोणीस पोचपावत्या लिहिल्या. असल्या माणसापुढे मान आपोआप लवते. आण्णांनी प्रत्येक पावती दोनदा वाचली आणि डोळे पुसले.

सभेत औषध मंजूर झालं. महिन्याभराने बाईंना कार्ड आलं, त्याच मोत्यासारख्या अक्षरातलं: 'औषध पावले. ही त्याची पोच. आता वाचणारे कोणी आहे असे दिसते, म्हणून विसावे साल लिहावयास घेतले आहे.'